नवस आणि बी-ट्वेल्व्ह

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चच्या बाहेर आलं, की आमच्या सांडोरमध्ये जो तो एकच प्रश्न विचारतो, "यंदा काय सोडलं?" ईस्टरपर्यंत आवडीची एखादी गोष्ट सोडायची, अशी आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांमधली रीत आहे. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, हल्लीची मुलं मोबाइलवरचे गेम सोडतात. आमचा भाचा जेन्सन दरवर्षी बिअर सोडतो आणि ईस्टरच्या दुपारी सगळा उपवास एकदम धुऊन काढतो. मी शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांवर ओरडणं सोडायचे. ते दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मोडायचं.

यंदा मी काही सोडलं नाही. मी देवावर रुसले होते. मागच्या वर्षी आमच्या मुलीचं, एलिसाचं, बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या वेळी मी रोज संध्याकाळी गुडघे टेकून रोझरी म्हणत होते. एवढं मागून हेच मिळणार असेल, तर मी काय म्हणून काही सोडायचं? आता एलिसाला परत दिवस गेले होते आणि पुन्हा तोच पाचवा महिना लागत होता. मी चर्चमध्ये मिस्साला जात होते, राखही लावून घेतली होती, पण देवाशी बोलत नव्हते.

माझ्या नवऱ्याने, गॉडफ्रेने, मात्र चर्चच्या पायरीवरच जाहीर करून टाकलं, "मी चहा सोडला. नुसता ईस्टरपर्यंत नाही. एलिसाचं बाळ माझ्या हातात येईपर्यंत."

ऐकणारे हसले. मलाही हसू आलं. गॉडफ्रे आणि चहा म्हणजे काय ते गावाला ठाऊक होतं. गॉडफ्रे शाळेत माझ्या पुढे दोन इयत्ता होता, त्यामुळे त्याला 'अहो' म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. सासूबाईंनी त्यावरून बरीच वर्षं तोंड वाकडं केलं. पण त्यांनीही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाकी काही नाही जमलं तरी चालेल, याला चहा वेळेवर दे. सकाळी उठल्यावर चहा, केळीच्या वाडीत पाणी सोडून आल्यावर चहा, जेवणाआधी भूक लागावी म्हणून चहा आणि जेवणानंतर ते जिरावं म्हणून चहा. कुणाच्या मयताहून आला तरी तिथला चहा कसा होता ते आधी सांगायचा.

"भाजी सोड, मासे सोड," मी घरी आल्यावर म्हटलं, "हे तुला झेपायचं नाही."

"झेपेल ते सोडून काय उपयोग?" तो म्हणाला.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी इथे लिहिली तर गावाबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून शाळेची मराठी लिहिते आहे. पण त्याचं हे वाक्य कुठल्याही मराठीत तेवढंच चोख होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्याचं डोकं धरलं. कपाळ आवळून फडकं बांधायचा, खोलीच्या खिडक्या लावून पडायचा. केळीचे घड उतरवायचे होते, ते तसेच राहिले. मला राग येत होता आणि दयाही येत होती. मी विहिरीजवळच्या गवती चहाची पात तोडून आणली, आलं ठेचलं, गूळ घातला आणि चहाची पूड न घालता नुसता काढा करून दिला.

त्याने कप नाकाशी नेला आणि परत बशीत ठेवला. "नको."

"अरे, यात चहा नाही. गवत आहे गवत."

"वास चहासारखा आहे. रंगही तसाच आहे. देवाला शंका यायला नको."

इतका काटेकोर माणूस. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्याच माणसाच्या हातून झालं.

रविवारी जेन्सन घरी आला. तो गॉडफ्रेच्या बहिणीचा मुलगा; नायगावच्या नव्या उंच इमारतींमधल्या एका जिममध्ये लोकांकडून वजनं उचलून घेतो. मामाला फडकं बांधून पडलेलं पाहून त्याने बॅगेतून एक जांभळा डबा काढला, त्यावर विजेचा लोळ काढलेला. "मामा, हे घे. एनर्जी ड्रिंक आहे. फुल व्हिटामिन्स. दोन मिनिटांत उठून बसशील."

"चहाबिहा नाही ना यात?" गॉडफ्रेने विचारलं.

"चहा? काहीतरीच काय! हे बघ, बी-सिक्स, बी-ट्वेल्व्ह, नायसिन."

बी-ट्वेल्व्ह म्हटल्यावर गॉडफ्रे खरोखरच उठून बसला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांना मुंग्या येत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली होती आणि मुंग्या गेल्या होत्या. तेव्हापासून त्याचा देवाखालोखाल बी-ट्वेल्व्हवर विश्वास. त्याने ते पिवळं, फसफसणारं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून औषधासारखं डोळे मिटून प्यायलं. अर्ध्या तासात फडकं सुटलं. जेवणाच्या वेळी तो जेन्सनला वाडीतल्या राजेळी केळींचं कौतुक सांगत होता.

मी स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि मला बरंच वाटलं. माणूस उठला होता, यापलीकडे मी विचार केला नाही.

त्याच संध्याकाळी एलिसाचा फोन आला. आदल्या दिवशी तिची सोनोग्राफी झाली होती आणि रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला होता. बाळ व्यवस्थित होतं. हात, पाय, हृदय, सगळं जागच्या जागी. गॉडफ्रेने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत उभा राहिला.

"इझाबेल," तो म्हणाला, "डोकं थांबलं आणि रिपोर्ट आला. एकाच दिवशी. ही खूण आहे. त्याने माझा नवस घेतला."

मी देवाशी बोलत नव्हते, त्यामुळे त्याच्या वतीने मी काय सांगणार?

मग तो डबा रोजचाच झाला. जेन्सन खोक्याने आणून द्यायचा आणि गॉडफ्रे सकाळी मिस्साहून आल्यावर एक आणि दुपारी एक घ्यायचा. वाडीत त्याचा हुरूप वाढला. पहाटेच उठून केळीची आळी करायचा. रात्री मात्र कूस बदलत राहायचा, आणि एकदा दुपारी ओट्यावर बसून छातीवर हात ठेवून म्हणाला, "आत कुणी तरी ताशा वाजवतंय." त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. मला वाटलं, एलिसाची काळजी. माझ्याही छातीत तेव्हा कमी वाजत नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी एलिसाकडे गेले. ती आणि आमचा जावई कॅल्विन नायगावच्या त्याच नव्या इमारतींमध्ये राहतात, सोळाव्या मजल्यावर, खाली खाडी दिसते. तिला डॉक्टरांनी जास्त हालचाल करू नको म्हणून सांगितलं होतं. मी भाजी ठेवायला फ्रिज उघडला आणि खालच्या कप्प्यात जांभळे डबे उभे.

"हे इथे कसे?"

"डॅडी आणतात," एलिसा पलंगावरून म्हणाली. "स्कूटरवरून. केळी, वांगी आणि हे."

"तू पितेस?"

उत्तराची वाट न बघता मी चष्मा चढवला आणि डबा खिडकीशी नेला. पुढच्या बाजूला अक्षरं टपोरी होती : व्हिटामिन बी-सिक्स, व्हिटामिन बी-ट्वेल्व्ह, नायसिन, पँटोथेनिक ॲसिड. मागची अक्षरं मुंगीएवढी. पाणी, साखर, सायट्रिक ॲसिड, टॉरिन, कॅफिन. आणि त्याखाली इंग्रजीत सूचना, की यात कॅफिनचं प्रमाण जास्त आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी घेऊ नये.

मी तशीच खुर्चीत बसले.

"मम्मी, मी एकही प्यायले नाही," एलिसा घाईने म्हणाली. "शपथ. डॅडी गेले की सिंकमध्ये ओतते. आजचे ओतायचे राहिलेत. डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात चहाकॉफी कमी करायला सांगितली होती, मग हे कशी पिईन?"

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? ते माझी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बसतात आणि मला दाखवतात, हे बघ, तुझ्या गोळीतही बी-ट्वेल्व्ह, डब्यातही बी-ट्वेल्व्ह, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलंच आहे. किती खूश असतात ते तेव्हा." ती पलंगावर उठून बसली. "आणि त्यात कॅफिन आहे म्हटलं, तर ते विचारतील कॅफिन म्हणजे काय. चहात असतं तेच, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? माझ्यासाठी चहा सोडलाय त्यांनी."

तोवर माझ्या डोक्यात फक्त बाळ होतं. तिने म्हटलं तेव्हा दुसरी बाजू उजेडात आली. गवती चहाच्या काढ्याला 'देवाला शंका येईल' म्हणून हात न लावणारा माझा नवरा राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्या रविवारपासून रोज चहाचाच अर्क पीत होता, आणि वर देवाचे आभार मानत होता. मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

उतरून मी थेट जेन्सनच्या जिममध्ये गेले. घामेजलेली पोरं आरशात स्वतःला बघत होती. त्यांच्यासमोरच मी त्याला फैलावर घेतलं.

"मामी, मी एलिसाला द्यायला कुठे सांगितलं?" तो बिचारा पांढरा पडला. "मामाला दिलं, ते पण डोक्यासाठी. त्यात वाईट काही नाही गं. टॉरिन आपल्या बॉडीतच असतं, मासे-मटणातून पण मिळतं. व्हिटामिन्स तर सगळे चांगलेच. जास्त झाले तर बॉडी बाहेर टाकते."

"म्हणजे माणसाला उठवून कोण बसवतं? बी-ट्वेल्व्ह?"

तो डोकं खाजवू लागला. "ते... साखर आणि कॅफिन. मेनली कॅफिन. बाकीचं असंच."

निदान खरं बोलला. घरी परतताना रिक्षात मी विचार करत होते. चहाच्या पुड्यावर कॅफिन ठळक लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. आम्ही त्याला तरतरी म्हणतो, तलफ म्हणतो आणि दाराशी आलेल्याला पहिला तोच देतो. डब्यावर मात्र त्याचं नाव होतं, पण मागे, मुंगीच्या अक्षरांत, आणि पुढे मोठ्या अक्षरांत दुसरीच चांगली चांगली नावं. आणि मी सगळा जन्म मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून ओरडणारी बाई, माझ्या घरात आलेला डबा मी उलटा करून पाहिला नव्हता.

सांगायचं कसं, ते मात्र मला सुचत नव्हतं. दुसऱ्या कुणाला मी तोंडावर सांगितलं असतं. पण गॉडफ्रेच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे समाधान होतं, ते आमच्या घरात वर्षभर कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. शेवटी मी पळवाट काढली. जेन्सनला बजावलं, की मामाने विचारलं तर माल संपला म्हणून सांग. घरातलं खोकं भाताच्या कणगीमागे लपवलं. एलिसाचे डबे एलिसाने ओतले. डबा गेला की धडधड जाईल, झोप येईल आणि नवस नवसाच्या जागी राहील, असा माझा हिशेब.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे डबा बंद झाल्यावर लगेचच, त्याचं डोकं पुन्हा धरलं.

या वेळी तो पडून राहिला नाही. फडकं बांधून घरभर फिरत होता. सकाळपासून एलिसाला किती फोन केले कोण जाणे. "पोट दुखतंय का? बाळ फिरतंय का? नक्की फिरतंय ना?" तिने वैतागून फोन कॅल्विनकडे दिला, तर हा कॅल्विनला तेच विचारू लागला. जेवायला बसला नाही. दुपारी मी चहाचं आधण ठेवलं. हल्ली मी माझा चहा स्वयंपाकघराचं दार लावून प्यायचे, त्याला वास जाऊ नये म्हणून. तेवढ्यात स्कूटरची किल्ली वाजली.

मी बाहेर आले. तो ओट्यावर उभा होता, चेहरा राखेसारखा.

"कुठे निघालास?"

"एलिसाकडे. तिला दवाखान्यात नेतो."

"तिला काही झालेलं नाही. आत्ता बोललास तिच्याशी."

"तुला कळत नाही, इझाबेल." तो ओट्याची पायरी उतरू लागला. "त्याने खूण दिली होती. डोकं थांबलं आणि बाळ वाचलं. आता डोकं परत सुरू झालं. त्याने हात काढून घेतला. मागच्या वेळी आपल्याला आधी काही कळलं नव्हतं. या वेळी तो सांगतोय, आणि मी नुसता बसून राहू?"

त्याचं समाधान जपायला म्हणून मी डबे लपवले होते, आणि मीच त्याला या भीतीत ढकललं होतं. असा, फडकं डोळ्यांवर आलेला, उपाशी, तो नायगावच्या रस्त्यावर स्कूटर घेऊन निघाला असता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

मी किल्ली काढून घेतली. त्याला हाताला धरून बाकावर बसवलं आणि कणगीमागून एक डबा आणून त्याच्या मांडीवर ठेवला, मागची बाजू वर करून.

"हे कुठून आलं? जेन्सन म्हणाला माल संपला."

"मी लपवला होता. ऐक आता, मध्ये बोलू नकोस." आणि मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं, सरळ, सोपं करून. चहात एक पदार्थ असतो, कॅफिन. माणसाला त्याची सवय लागते. एकदम सोडला की डोकं धरतं, परत घेतला की सुटतं. तो या डब्यात आहे. तुझं डोकं त्या रविवारी थांबलं ते त्याच्यामुळे, बी-ट्वेल्व्हमुळे नाही. आणि आज दुखतंय ते मी डबे लपवले म्हणून. यात देवाचा काही संबंध नाही. शेवटी एलिसाचंही सांगितलं. तिने एकही डबा प्यायला नाही, हे आधी. पोटुशी बाईला हे चालत नाही, हे नंतर.

तो डब्याकडे बघत होता. अक्षरं त्याला दिसत नव्हती, चष्मा आत होता, तरी बोट एकेका ओळीवरून फिरवत होता.

"म्हणजे मी चहाच पीत होतो."

"चहा नाही. चहातलं."

"आणि पोरीलाही पाजायला निघालो होतो."

"तिने ओतून दिलं, गॉडफ्रे. तिला काही झालेलं नाही."

"आणि नवस?"

याचं उत्तर फादरकडे असेल. मला त्या क्षणी वाटलं, आता हा मोडणार. आता म्हणेल, मी देवाला फसवलं, त्याची शिक्षा त्या बाळाला होणार. मला माझा स्वतःचा राग आला आणि देवाचाही आला, नेहमीपेक्षा जास्त. एका साध्या माणसाने आवडती गोष्ट सोडायची, आणि तीही त्याला धड सोडता येऊ नये?

वाडीतून केळीच्या पानांची सळसळ येत होती. मग गॉडफ्रेने डबा बाकाखाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळावरचं फडकं सरळ केलं.

"इझाबेल, एक नीट सांग. हे डोकं दुखतंय ते नुसतं त्याचंच? तलफेचं?"

"हो."

"म्हणजे हे दुखणं माझंच आहे. एलिसाच्या बाळाशी याचा काही संबंध नाही."

"काही नाही. तुझं एकट्याचं."

त्याने लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. डोळे दुखण्याने लाल झाले होते, पण सकाळपासून त्यांच्यात जी भीती होती ती गेली होती.

"मग दुखू दे," तो म्हणाला. "आता कुठे सोडायला सुरुवात झाली."

आणि बाकावर आडवा होऊन त्याने डोकं माझ्या मांडीवर टेकलं. मी त्याचं कपाळ चेपू लागले. चेपता चेपता माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात कुणाशी तरी बोलते आहे, हे याचं लवकर थांबव म्हणून, आणि ते बाळ सुखरूप येऊ दे म्हणून. वर्षभराने बोलत होते. आत गॅसवर माझ्या चहाचं आधण उकळत होतं. ते आटून भांडं करपल्याचा वास आला, तरी मी उठले नाही.